पंधरा अधिक एक

डोरीन कोवाल्चिक चष्मा कपाळावर चढवून
माझी परभणीची गुणपत्रिका उजेडाकडे धरते,
नोट खरी की खोटी बघावी तशी.
मग बोटांवर मोजते: दहा, दोन, तीन.
"पंधरा होतात," हळूच म्हणते,
"आम्हाला सोळा लागतात."

खिडकीतून मिलवॉकीचं सरोवर दिसतं,
काठाशी गोठलेलं, मध्ये अजून हलतंय.
एक वर्ष कुठून आणू, डोरीन?
व्हिसावर 'अवलंबित' असा शिक्का असलेली
नऊ आहेत माझ्याकडे,
घडीसुद्धा न मोडलेली.
त्यातलं एक चालेल?

आणखी एक घोळ आहे.
पदवी हेमलता तुंगारेची,
पासपोर्ट मृणाल देवस्थळीचा.
तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून
बदललं नाव, मी सांगते.
"त्याचा काही कागद?"
कागद नव्हता. तांदूळ होते.
दुसऱ्या दिवशी शिजले असतील.

बाकी सगळं छापील आणि स्पष्ट:
तीस क्रेडिट, त्यातले अठरा सक्तीचे,
सूक्ष्म, समग्र, अर्थमिती एक आणि दोन.
सरासरी तीनच्या खाली नको.
दोनदा 'सी' आला की नारळ.
शेवटी प्रबंध, नाहीतर प्रकल्प,
आणि सहा वर्षांच्या आत आटोपायचं.

शिफारसपत्रं तीन.
डहाळे सर गेले. कुलकर्णी बाईंना मी आठवत नाही,
साहजिक आहे, वर्गात नव्वद जण,
मी खांबामागे.
एक पत्र चर्चच्या धान्यकोठीतल्या ट्रेडवेलने दिलं:
'मटारचे डबे कधी संपणार
हे ही बाई आठवडाभर आधी सांगते.'
दुसरं आमच्या दंतवैद्याचं, जिच्याकडे मी
शनिवारी फुकट हिशेब बघायचे.
तिसऱ्यासाठी अजून फिरतेय.

हेतू सांगा, पाचशे शब्दांत.
मी भिशीबद्दल लिहिलं.
बारा बायका, महिना दोनशे डॉलर,
आठ वर्षं, एकही हप्ता बुडाला नाही.
फक्त एका नोव्हेंबरात
आमच्यातली एक चहा न पिता बसून राहिली,
आणि मी चिठ्ठ्या अशा घडी केल्या
की तिचीच निघावी.
कोणी काही विचारलं नाही.
सगळ्यांनी बघितलं होतं.
हे लिहावं का, यात एक रात्र गेली.
'बाजार जिथे अपुरा पडतो' असं एक वाक्य सुचलं,
भारदस्त होतं. खोडलं.
नुसता चहा ठेवला.

मार्चमध्ये उत्तर आलं: सशर्त प्रवेश.
आधी कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र,
गावातल्या कॉलेजात, संध्याकाळचे वर्ग,
दोन्हींत किमान 'बी'.

शेजारचा पोरगा माझ्या मुलाहून लहान.
त्याने मला पहिल्या दिवशी
मास्तरीण समजून खुर्ची दिली.
मास्तर फळ्यावर डावीकडे वाय काढतात,
उजवीकडे एक्स,
आणि वायखाली लिहितात: डिपेंडंट.
मी वहीत मराठीत उतरवते,
अवलंबी चल.
पेन तिथेच थांबतं.

चल म्हणजे तरी काय,
जे बदलू शकतं ते.
हे मला नऊ वर्षांत
कुठल्या खिडकीवर कोणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन समीकरण उलटं मांडून बघते,
वाय उजवीकडे, एक्स डावीकडे.
बीजगणितात चालतं.
अर्थमितीत चालत नाही म्हणे,
अर्थ बदलतो.
बदलू दे की.

संख्याशास्त्राचा निकाल आज लागला:
बी वजा.
वजा म्हणजे किती वजा?
डोरीनला फोन लावलाय.
ती म्हणाली, थांब हं,
आणि पलीकडे शांतता आहे,
बोटांवर मोजत असावी.